‘टेन्शन घेऊ नका’ हा उपचार नव्हे

आतड्याच्या दाहाच्या आजाराबद्दल आपल्याकडे एक मत फार ठामपणे मांडलं जातं. नातेवाईक मांडतात, काही डॉक्टर मांडतात, कधीकधी बरे होऊन कामाला लागलेले रुग्णही मांडतात. आजार आतड्याचा, तर औषध आतड्याला द्या. व्रण भरले, रक्त थांबलं की माणूस आपोआप हसायला-बोलायला लागेल. समुपदेशकासमोर तासभर बोलून मोठ्या आतड्यातली जखम भरत नाही, आणि तेवढ्या पैशात बऱ्याच दिवसांच्या गोळ्या येतात.

यातली एकच गोष्ट खरी आहे. बोलण्याने व्रण भरत नाही. बाकीचं चुकीचं आहे, आणि त्या चुकीची किंमत आपल्या आजूबाजूची माणसं मुकाट्याने मोजतायत. त्यांच्यातली कितीतरी टिटवाळ्यासारख्या गावांत राहतात, जिथून नोकरी, मोठं इस्पितळ आणि पोटाचा तज्ज्ञ, तिन्ही लोकलने गाठावे लागतात.

आधी आजाराबद्दल थोडं, कारण ‘पोट बिघडतं’ एवढ्यावरच बहुतेकांची समजूत थांबते. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येऊन व्रण पडतात. रक्त आणि आव मिसळलेले जुलाब, मुरडा, दिवसातून दहा-बारा वेळा धावाधाव. आणि जाऊन आल्यावरही पुन्हा जावंसं वाटत राहतं. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो, आतड्याच्या भिंतीत खोलवर शिरतो, आतडं अरुंद करतो, भगंदर करतो. दोन्ही आजार वर्षानुवर्षं सोबत राहतात. मधेच शांत होतात, मधेच उसळतात. हा परदेशी लोकांचा आजार अशी जुनी समजूत होती. लुधियानाच्या डॉक्टरांनी पंजाबात घरोघरी पाहणी करून २००३मध्ये निष्कर्ष छापले, तेव्हा लाखामागे सुमारे ४४ जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस असल्याचं दिसलं. आपल्याकडे त्यात आणखी एक गुंता असतो. क्रोन्स आणि आतड्याचा क्षयरोग दिसायला इतके सारखे की अनेकांना आधी टीबीच्या गोळ्यांचा कोर्स करावा लागतो. गुण आला नाही की मग निदान बदलतं. आपल्याला नेमकं झालंय तरी काय हे न कळण्यात महिनेच्या महिने जातात. त्या महिन्यांत मनाचं काय होत असेल, हे केस पेपरवर कुणी लिहीत नाही.

आता त्या मताकडे. पोट शांत झालं की मन शांत होतं, असं म्हणणाऱ्यांनी २०२१ साली ‘लॅन्सेट’च्या पोट-यकृतविषयक नियतकालिकात आलेला आढावा पाहावा. ७७ अभ्यास, ३० हजारांहून अधिक रुग्ण. सरासरी १०० पैकी ३२ जणांत चिंतेची लक्षणं आणि २५ जणांत नैराश्याची. आजार उसळलेला असताना चिंतेचा आकडा ५८ पर्यंत जातो, यात नवल नाही. मात्र आजार शांत असलेल्यांतही तो ३८च्या आसपास राहतो. म्हणजे जुलाब थांबलेत, रिपोर्ट बरे आलेत, डॉक्टरांनी पाठ थोपटली आहे, तरी दर १०० पैकी ३८ माणसं घाबरलेलीच आहेत. ‘आपोआप’ हा शब्द इथेच निकालात निघतो.

इंग्लंडमधल्या लीड्सच्या डॉक्टरांनी आपल्या रुग्णांचा दोन वर्षं पाठपुरावा केला आणि २०१८मध्ये निष्कर्ष मांडले. सुरुवातीला आजार उसळलेला पण मन ठीक असलेल्या रुग्णांत पुढे चिंता बळावण्याचा धोका जवळपास सहापट दिसला. उलट, सुरुवातीला पोट शांत पण मन चिंतेने ग्रासलेलं, अशांत पुढे आजार उसळण्याचा किंवा स्टिरॉइडची गरज पडण्याचा धोका दुप्पट. वाट दोन्ही बाजूंनी चालू असते. आतडं आणि मेंदू यांच्यात मज्जातंतूंची, संप्रेरकांची, प्रतिकारशक्तीच्या रसायनांची सतत देवाणघेवाण चालते. शिवाय उसळलेला आजार आवरण्यासाठी दिलं जाणारं स्टिरॉइड स्वतःच झोप उडवतं, चिडचिड वाढवतं, काहींना खोल उदासीत ढकलतं. आपण दिलेल्या गोळीने रुग्णाचं मन ढवळून निघतंय हे माहीत असताना मनाचा विषय माझ्या खात्यातला नाही असं म्हणणं मला पटत नाही.

याच्या नेमकं उलट टोकाला दुसरं मत उभं आहे, आणि ते मला जास्त घातक वाटतं. ‘हे सगळं टेन्शनमुळेच होतं.’ सासूबाई म्हणतात, ‘फार विचार करते गं तू, म्हणून पोट बिघडतं.’ ऑफिसातले म्हणतात, ‘अरे, मन खंबीर कर, प्राणायाम कर, सोड त्या गोळ्या.’ या मताला कधीकाळी विद्वत्तेचाही आधार होता. शिकागोचे मनोविश्लेषक फ्रान्झ अलेक्झांडर यांनी १९५०च्या आपल्या ग्रंथात ज्या सात आजारांचं मूळ मनातल्या संघर्षात शोधलं, त्यांत दमा, रक्तदाब यांच्या जोडीला अल्सरेटिव्ह कोलायटिसही होता. पुढची काही दशकं अशा रुग्णाचं एक ठरावीक व्यक्तिचित्र रंगवलं गेलं. अतिनीटनेटका, परावलंबी, राग गिळणारा, आईच्या पदराला बांधलेला. १९९०मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी या विषयावरचे १३८ अभ्यास तपासले. ज्यांत तुलनेसाठी नीट निवडलेला गट होता असे अभ्यास मोजकेच निघाले, आणि त्यांत हा संबंध दिसला नाही. व्यक्तिचित्र कोसळलं. आपल्या दिवाणखान्यांत मात्र ते अजून टांगलेलं आहे.

समुपदेशनाची बाजू घेणाऱ्यांनी या मताशी सगळ्यात आधी फारकत घ्यायला हवी. ‘तुझा आजार मनाचा आहे, म्हणून मानसोपचार घे’ असं सांगितलं की रुग्णाला एकच ऐकू येतं: तुझं तूच ओढवून घेतलंस. आधीच रक्त पडतंय, वजन उतरलंय, त्यात हा ठपका. अशा रुग्णाने समुपदेशकाचं नाव काढताच खोलीबाहेर पडावं, यात त्याचं काहीच चुकत नाही. ताणाने आजार बळावू शकतो, ताणामुळे आजार जन्मतो असं नाही, आणि मेसालामाइन किंवा अझाथायोप्रिनसारखी आतड्याची औषधं सोडून नुसतं बोलायला बसणं म्हणजे स्वतःच्या आतड्याशी खेळणं आहे. गोळी आणि बैठक, दोन्ही एकाच कागदावर लिहायच्या आहेत.

आता सगळ्यात जोरकस आक्षेप. तो टिटवाळ्यातच उभं राहून नीट समजतो. टिटवाळ्याहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस सुमारे ६४ किलोमीटर. गाडी वेळेवर असली तरी दीड तासाच्या आसपासचा प्रवास, आणि लोकलच्या एकाही डब्यात संडास नाही. कोलायटिसचा रुग्ण हा प्रवास कसा करतो? तो रात्रीच जेवण कमी करतो. सकाळी चहासुद्धा घेत नाही, कारण कपभर चहाने पोटात हालचाल सुरू होते. घरातून निघण्याआधी दोनदा, तीनदा जाऊन येतो. पिशवीत कपड्यांचा एक जोड, पॅड, ओले रुमाल, प्लास्टिकची पिशवी. डब्यात आत शिरत नाही, दाराजवळ उभा राहतो, लोकांच्या शिव्या खातो, कारण आत अडकला तर उतरता येणार नाही. कल्याण आलं की ठाण्याचा हिशेब सुरू. स्वच्छतागृह कुठल्या फलाटावर आहे, कुठलं बंद असतं, कुठे पाणी नसतं, हा नकाशा त्याला तोंडपाठ असतो. बायका हेच सगळं करतात, फक्त त्यांच्या वाट्याला येणारी चालू स्वच्छतागृहं आणखी कमी आणि नजरा आणखी जास्त.

आक्षेप घेणारा म्हणतो, या माणसाची भीती खरी आहे. गाडीत संडास नाही, हा रेल्वेचा दोष झाला. त्याच्या मनाला कशाला धरता? त्याला समुपदेशन देणं म्हणजे अन्याय सोसायला शिकवणं. आधी संडास द्या.

संडास द्याच. प्रत्येक स्थानकावर, प्रत्येक फलाटावरून चटकन पोहोचता येईल असे, पाणी असलेले, दिवसरात्र उघडे. या मागणीत मी त्यांच्या पुढे एक पाऊल आहे. अपंग हक्क कायदा २०१६मध्ये झाला, त्यात २१ प्रकार आले, पण आतड्याचे हे आजार त्यांत नाहीत. त्यामुळे दाराजवळ उभा असलेला हा माणूस धडधाकटच धरला जातो. हे बदललं पाहिजे.

पण भीती गाडीतच थांबत नाही. ती उतरून घरी येते. संडास दहा पावलांवर असलेल्या लग्नाच्या हॉलमध्येही ती असते. आजार शांत होऊन वर्ष उलटलं, दिवसातून एकदाच जावं लागतं, तरी माणूस भाच्याच्या मुंजीला जात नाही, पिक्चरला जात नाही, बढती नाकारतो कारण नवं ऑफिस लांब आहे. टिटवाळ्याच्या महागणपतीला लग्न जमावं म्हणून लांबलांबून लोक येतात, आणि याच गावातली कोलायटिस असलेली मुलगी लग्नाचा विषय निघाला की खोलीत जाऊन दार लावते. समोरच्यांना सांगायचं की नाही, सांगितलं तर स्थळ जाईल, नाही सांगितलं तर पहिल्या महिन्यातच कळेल. घरचे म्हणतात लपव. इथे फलाटावरचा संडास तिच्या काय कामाचा?

या घरी आलेल्या भीतीवरचा उपचार लांब शोधायला नको, तो ठाण्यातच आहे. १९९०मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यात आयपीएच ही मनआरोग्याची संस्था सुरू केली आणि अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती मराठी माणसाला मराठीत कळेल अशी करण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. डॉ. अंजली जोशी यांच्या ‘मी अल्बर्ट एलिस’ या कादंबरीमुळे ते नाव घराघरांत गेलं. या पद्धतीवर, आणि तिच्या जवळच्या वर्तन-बोधन उपचारावर, नेहमीचा आरोप असा की ती रुग्णाच्या विचारांना अविवेकी ठरवते. चांगला उपचारक हे करत नाही. ‘गाडीत मला घाई लागू शकते’ हा विचार अविवेकी नाहीच. उपचारक त्याला हातही लावत नाही. तो पुढची साखळी कागदावर मांडतो: पोटात गुडगुडलं, म्हणजे आता होणार, म्हणजे कपडे खराब होणार, डबाभर लोक बघणार, कुणीतरी मोबाइल काढणार, ऑफिसात कळणार, नोकरी जाणार, संपलं सगळं. एकेका कडीशी थांबून तो विचारतो. गेल्या महिन्यात पोट कितीदा गुडगुडलं आणि त्यातून कितीदा खरंच झालं? झालं तेव्हा पुढे काय घडलं? रुग्ण वही ठेवतो: कुठे होतो, मनात काय आलं, भीती दहापैकी किती, प्रत्यक्षात काय झालं. ‘हे कधीच घडता कामा नये’ या हट्टापासून ‘घडू नये असं फार वाटतं, घडलंच तर लाज वाटेल, तरी मी निभावेन’ इथवर यायला वेळ लागतो, आणि हे अंतर गोळीने कापता येत नाही.

मग पावलं. दुपारच्या रिकाम्या गाडीने टिटवाळा ते आंबिवली, एकच स्थानक. भीती चढते, थोड्या वेळाने उतरते, हे अंगाला कळेपर्यंत पुन्हा तेच. मग शहाड. मग कल्याण. मग पोटात थोडं अन्न घेऊन कल्याण. मग ठाणे. गर्दीची गाडी सगळ्यात शेवटी. कपड्यांची पिशवी जवळ राहू द्यायची, कारण ती शहाणपणाची तयारी आहे. उपाशी राहणं सोडायचं, कारण ते आधीच खंगलेल्या शरीराचा बळी घेतं. हा फरक रुग्णाला एकट्याने करता येत नाही. त्याच्या लेखी दोन्ही सारख्याच गरजेच्या असतात. अन्याय सोसायला शिकवणं म्हणतात ते हे? हा माणूस घराबाहेर पडला तरच फलाटावरच्या बंद संडासाबद्दल स्टेशन मास्तरकडे तक्रार करायला जाईल.

‘आमच्याकडे बोलायला घरची माणसं आहेत, देऊळ आहे, भजनी मंडळ आहे, पैसे देऊन परक्याशी कशाला बोलायचं?’ हा आक्षेप प्रेमातून येतो, म्हणून त्याला प्रेमानेच उत्तर देतो. घरच्या माणसांना सगळं सांगता येत नाही, कारण ती घरची असतात. आईला ‘आज कपड्यात झालं’ म्हटलं की ती रात्रभर जागते, मग पुढच्या वेळी मुलगा सांगत नाही. नवऱ्याला बायको सांगत नाही की जवळ येण्याचीच धास्ती वाटते. नवरा वाईट नसतो. तो दुखावेल या भीतीने ती बोलत नाही. समोरच्याला जपत बोलताना आपलं दुखणं अर्धंच बाहेर येतं. जिच्या झोपेची जबाबदारी आपल्यावर नाही अशी एक शिकलेली व्यक्ती समोर असणं, हीच तर या उपचाराची सोय. आणि तिथे नुसतं मन मोकळं करायचं नसतं. वर सांगितली ती वही, ती पावलं, तो गृहपाठ, हे काम आहे.

पुराव्याबद्दल मी वाढवून सांगणार नाही. उपचारांचे पुरावे एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०११च्या आढाव्यात सरसकट सगळ्या प्रौढ रुग्णांना मानसोपचार देऊन विशेष फायदा दिसला नव्हता. त्याचा दाखला आजही दिला जातो. पण सरसकट देणं हीच तर चूक होती. ज्याला चिंता नाही त्याच्यात चिंता कमी कशी होणार? २०२५च्या नव्या कोक्रेन आढाव्यात ६८ अभ्यास आले आणि प्रौढांत मानसोपचाराने जीवनमान, नैराश्य आणि चिंता यांत निदान काही काळ माफक सुधारणा होते, असं दिसलं. आतड्याची सूज कमी होते असं त्यातून सिद्ध झालेलं नाही. मला त्याची गरजही वाटत नाही. नैराश्यातून वर आलेला माणूस ही उपचाराची पुरेशी फलश्रुती आहे, त्यासाठी त्याच्या कोलोनोस्कोपीत फरक दिसायलाच हवा ही अट कशासाठी? एक सावधगिरी मात्र उपचारकांनीही पाळावी. या रुग्णांचा थकवा म्हणजे दरवेळी नैराश्य नसतं. रक्त जातंय, हिमोग्लोबिन उतरलंय, बी-१२ कमी आहे, तर आधी ते भरून काढा. आणि जीव नकोसा झाल्याचं कुणी बोललं, तर बैठकांची वाट न बघता मनोविकारतज्ज्ञ गाठावा. टेली-मानसची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

राहता राहिला पैशांचा आक्षेप. हे श्रीमंतांचे, शहरी, इंग्रजी बोलणाऱ्यांचे चोचले, एका बैठकीचे हजार-दीड हजार कोण देणार, आणि एवढे तज्ज्ञ आणायचे कुठून? तुटवडा खरा आहे. निमहान्स या राष्ट्रीय मनआरोग्य संस्थेच्या २०१५-१६च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात नैराश्य-चिंतेसारखे सर्वसामान्य मनोविकार असलेल्या १०० पैकी ८५ जणांना उपचार मिळत नसल्याचं दिसलं. पण तज्ज्ञ नाहीत म्हणून उपचार नाही, हा निष्कर्ष गोव्याने खोडून काढला आहे. तिथल्या ‘संगाथ’ संस्थेने मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण दिलं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांसोबत सहा ते आठ बैठका घ्यायला बसवलं. नैराश्य किरकोळ नव्हतं, चांगलंच तीव्र होतं. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांतले ६४ टक्के नैराश्यातून बाहेर होते, नेहमीचेच उपचार मिळालेल्यांतले ३९ टक्के. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत अशाच धर्तीचं काम झालं, तेव्हा नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात सुमारे ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेलं. ही माणसं आतड्याच्या आजाराची नव्हती, हे खरं. पण वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला, गोव्यातल्या मोलकरणीला आपल्या भाषेत बोलून बरं वाटू शकतं, तर मांडा-टिटवाळ्याच्या चाळीतल्या माणसाला का नाही?

कायदाही याच बाजूने आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७चा, तो २९ मे २०१८पासून लागू झाला. कलम १८ने सरकारी खर्चाने चालणारी मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क दिला, आणि कलम २१ने विमा कंपन्यांना मनाचा आजार शरीराच्या आजाराच्या बरोबरीने धरायला सांगितलं. प्रत्यक्षात बहुतेक पॉलिसी दवाखान्यात दाखल झाल्यावरच पैसे देतात, आणि बोलण्याच्या बैठकीसाठी कुणी दाखल होत नाही. इंग्लंडमध्ये २००८पासून सरकारी आरोग्यसेवेत बोलण्याचे उपचार फुकट मिळतात, चिठ्ठीशिवाय स्वतः नाव नोंदवता येतं, आणि दीर्घ आजार असलेल्यांसाठी त्यात वेगळी सोय आहे. ते श्रीमंत आहेत म्हणून त्यांना परवडतं, हे उत्तर अपुरं आहे. उपचाराविना घरी बसलेला कमावता माणूस कुठल्याच देशाला परवडत नाही.

टिटवाळ्याचा रुग्ण परळच्या केईएमला किंवा शीवच्या इस्पितळात जातो, तिथे पोटविकार आणि मनोविकार दोन्ही विभाग एकाच आवारात आहेत. नवी इमारत नको, नवा कायदा नको. पोटविकाराच्या ओपीडीत, केस पेपर काढतानाच, नर्सने मराठीत दोन प्रश्न विचारावेत: गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटत नाही असं किती दिवस झालं, आणि उदास, निराश किती दिवस वाटलं? जगभर वापरले जाणारे हे प्रश्न आहेत, मिनिटभरही लागत नाही. त्याला जोडून तिसरा: आजाराच्या भीतीने कुठे जाणं सोडलंत का? उत्तर हो आलं, तर ‘मन रमवा’ म्हणून बोळवण न करता त्याच दिवशी, त्याच फेरीत, दुसऱ्या विभागाची वेळ कागदावर लिहून द्यावी, कारण त्या माणसाला पुन्हा एकदा संडास नसलेल्या गाडीने यायला लावणं योग्य नाही. पुढच्या बैठका कल्याणच्या रुक्मिणीबाई रुग्णालयात किंवा गोवेलीच्या ग्रामीण रुग्णालयात, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकाकडे, नाहीतर सरळ फोनवर व्हाव्यात. महापालिकेने आणि जिल्हा आरोग्य विभागाने येत्या अंदाजपत्रकात त्यासाठी माणसं आणि पैसे दाखवावेत.